भाजीच्या खणातलं निळं

आमच्या व्याह्यांना मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल. मुलीच्या सासऱ्याला माणूस जेवढा ओळखतो, तेवढंच. चहा बिनदुधाचा लागायचा, वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचायचे, जिना चढताना मध्ये थांबून उगाच खिडकीबाहेर बघायचे. लेक त्यांच्या घरात सून म्हणून गेली त्याला खूप वर्षं झाली, पण ती सगळी 'या, बसा' आणि 'बरं, निघतो' यातच सरली. ते कशाला घाबरायचे, एकटे असले की काय गुणगुणायचे, यातलं काही मला सांगता येणार नाही. तरी लेक म्हणते, बाबा, त्या दिवसांत आम्ही दोघं नोकरीपायी दुसऱ्या शहरात होतो, त्यांच्याजवळ तुम्ही होतात, तुम्हीच लिहा. होतो हे खरं आहे. पण मला लिहायची सवय नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासण्यात माझा जन्म गेला. बोलायचं काम पुढे बसणाऱ्याचं असायचं. तेव्हा जमेल तसं लिहितो.

व्याही गावच्या मोठ्या बागेत काचघर सांभाळायचे. काचेचं छप्पर, आत दमट ऊब, झाडंझुडपं आणि त्यात मोकळी सोडलेली फुलपाखरं. लोक तिकीट काढून बघायला येत. मागच्या खोलीत एका कपाटात टाचण्यांना कोष टांगलेले असायचे. रोज सकाळी कोणते फुटले ते बघायचं, आणि पंख वाळले की ती आत नेऊन सोडायची, हे त्यांचं काम. एवढं मला माहीत होतं. मी स्वतः तिथे एकदाच गेलो होतो, आणि चष्म्यावर इतकी वाफ धरली की काहीच न बघता परत आलो.

त्या वर्षी काचघराच्या छपराची तावदानं निखळू लागली म्हणून ते दुरुस्तीला काढलं. कधी उघडेल ते कुणी सांगेना. व्याही घरी बसले. त्याच सुमाराला त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. त्यांना उजेड कळे, माणूस उभा आहे हे कळे, त्यापलीकडे काही नाही. ऑपरेशननंतर चष्मा लागेल, तो तुम्हीच करून द्या, असं व्याह्यांनी मला सांगितलं, आणि तेवढ्या निमित्ताने माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं.

पहिल्याच दिवशी एक प्रकार घडला. विहीणबाई बाजारात गेल्या होत्या. व्याही बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. तिथूनच म्हणाले, "चहाला आधण ठेवलंय, तेवढं फ्रिजच्या खालच्या खणातून लिंबू काढता का? डब्यात आहे. लाजू नका, घर तुमचंच."

दुसऱ्याचा फ्रिज उघडायचा म्हणजे मला संकोच. खालचा खण ओढला तर कोबीशेजारी दोन सारखे डबे. मी एक उघडला. आत ओला कापूस, त्यावर कागदाची त्रिकोणी घडी. लिंबू इतकं कशाला गुंडाळतील, असं मनात आलं खरं, पण घडी उलगडली.

आत तळहाताएवढं फुलपाखरू होतं. पंख मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले, मेलेलं. खाण्याच्या भाजीत मेलेलं फुलपाखरू. ते कसंबसं टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसलो. आधण उकळून उतू जात होतं तरी मला उठवेना. विहीणबाईंना हे माहीत आहे का? आपली लेक सुट्टीत येते तेव्हा याच खणातली भाजी चिरते का?

तेवढ्यात मेलेल्याचा एक पाय हलला.

मग दुसरा. मग ते सगळंच थरथरायला लागलं, थंडीत कुडकुडावं तसं, आणि एकाएकी पंख उघडले. असा निळा रंग मी आयुष्यात बघितला नव्हता. काचेत धरलेला उजेडच जणू. मी टेबलाची कड घट्ट धरून बसलो होतो.

"उठवलंत का तिला?" व्याही दारात येऊन म्हणाले. "बरं केलंत. जेवणाची वेळ झालीच होती."

"ही... मेली नव्हती?"

"छे. गारठ्यानं निपचित पडते, एवढंच. लिंबं दुसऱ्या डब्यात."

आतल्या खोलीतून अक्कांचा आवाज आला, "कोण घाबरलं रे?"

"कुणी नाही अक्का, आपले व्याही आहेत."

"चष्मेवाले का? बसा हो, बसा. या घरात फ्रिज उघडायच्या आधी माणसानं खोकावं."

मग मी जे बघितलं, त्याचाही धक्काच होता. व्याह्यांनी बशीत साखरेचं पाणी घेतलं. फुलपाखराचे पंख मिटवून अंगठा आणि बोटात अलगद धरले. दुसऱ्या हातात टाचणी घेतली. फुलपाखराच्या तोंडाशी घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सोंड असते, त्या वेटोळ्यात टाचणीचं टोक घालून त्यांनी ती हळूहळू उलगडली आणि पाण्यात टेकवली. तिचं पोट वरखाली व्हायला लागलं. व्याही श्वास रोखून बसले होते. पिऊन झाल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

"दमट हवेत वर्षं काढली ना," ते म्हणाले. "कोरडी हवा सोसत नाही आता."

"हे रोज करता?"

"रोज. अक्काचा डोळा उघडेपर्यंत हिला जगवायची आहे."

काचघर रिकामं करताना मागे राहिलेली ही शेवटची. बाकीच्या एकेक करून संपल्या. नवे कोष येणार नव्हते, आणि दुरुस्ती कधी आटपेल याचा भरवसा नव्हता. आई लवकर गेली तेव्हापासून अक्कांनीच यांना वाढवलं होतं. स्वतः लग्न केलं नाही. भाऊ फुलपाखरं सांभाळतो म्हणजे नक्की काय करतो, हे मात्र त्यांना कधी दिसलंच नाही, कारण त्यांचे डोळे अधू होत गेले ते याच वर्षांत.

"एकदा नेलं होतं हिला काचघरात," व्याही सांगू लागले. "डोक्यावर एक येऊन बसलं. हिनं फाटकन चापट मारली."

"मला काय दिसतंय? झुरळ म्हटलं," आतून अक्का.

"त्यातलं सगळ्यात मोठं होतं ते."

"असेल. लागलं पण हाताला चांगलं."

मी धीर करून विचारलं, "पण ऑपरेशन पुढच्या आठवड्यातच आहे ना? मग फ्रिजमध्ये कशाला? फुलपाखरं जगतात की वर्षानुवर्षं."

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत. "सगळ्यांना तसंच वाटतं. काचघरात रोज दिसतात ना, म्हणून. पण ती रोज तीच नसतात. बारकी असतात ती आठवडाभर. बहुतेक दोन-तीन आठवडे."

"संपलं?"

"संपलं. सकाळी फाटक उघडायच्या आधी मी झाडू मारायचो, तो कशासाठी मारायचो असं वाटतं तुम्हाला? पानं नव्हती ती."

मला ते ऐकवेना. इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. "एवढं थोडं आयुष्य का पण?"

त्यांनी फुलपाखराला पुन्हा कागदाच्या घडीत ठेवलं. "खाणं सगळं अळीपणी होऊन गेलेलं असतं. आता तोंडाला नुसती नळी, पिणार काय तर गोड पाणी. अळीनं जे साठवलं त्यावर निभवायचं. ते अंडी घालण्यात खर्च होतं, की झालं. एक जात फुलांचे परागही खाते, ती काही महिने काढते. बाकीच्यांना ते जमत नाही. आणि पंख. तुमचं-माझं कातडं फाटलं तर भरून येतं. पंख फाटला की फाटला, त्याला ठिगळ नाही. वारा, पाऊस, पक्षी, कोळी, काही ना काही असतंच."

"मग ही?"

"ही गार डोंगराकडची जात. उष्ण मुलखातली असती तर या गारठ्यानं मेली असती. यांच्यातली जी थंडी काढतात ती अंडी लांबणीवर टाकतात, कुठेतरी कपारीत गप्प बसून राहतात. त्यांचं वर्ष निघतं. मी हिला तसंच ठेवलंय. गारव्यात सगळं मंद चालतं. आणि नर भेटू दिलेला नाही."

"म्हणजे लग्न नाही केलं की आयुष्य वाढतं," आतून अक्का म्हणाल्या. "माझ्याकडे बघून कळलं नाही का तुला? त्यासाठी एवढी पाखरं कशाला मारलीस?"

व्याही तेव्हा हसले. त्यांना असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. हसताहसता पुन्हा खोकला आला.

ऑपरेशन त्या आठवड्यात झालं नाही. अक्कांची साखर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा. अक्कांचं गोड बंद झालं आणि घरातलं वातावरण तापलं.

"पाखराला साखर आणि मला कारलं," त्या म्हणायच्या.

विहीणबाई वैतागल्या होत्या. त्या एरवी मवाळ बाई. पण एक दिवस मला म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हो यांना काहीतरी. कोबी ठेवायची सोय राहिली नाही. पाहुणे आले की मी फ्रिजला पाठ लावून उभी असते." त्यांनी मला पाहुण्यांत धरलं नाही, याचा मला आनंद झाला होता, पण तो मी दाखवला नाही.

तारीख पुढे गेली, ती आणखी एकदा गेली. मी जातच राहिलो. दुकानातलं भिंग खिशात असायचं, ते मी त्या फुलपाखरावर धरायचो. भिंगातून पंख बघितला आणि मी चकित झालो. त्यावर कौलांसारख्या बारीक खवल्यांच्या ओळी होत्या, एकीवर एक चढवलेल्या. निळं होतं ते त्या खवल्यांत. आणि जिथे खवले नव्हते तिथे खाली रंगच नव्हता. तिथे नुसती काच होती, पातळ, पिवळसर.

आणि ती काच वाढत होती. व्याह्यांचा अंगठा जिथे टेकायचा, तिथे आधी मोहरीएवढी, मग नखाएवढी, मग त्याहून मोठी. दोन्ही बाजूंनी.

मी दोन फेऱ्या गप्प राहिलो. तिसऱ्यांदा म्हणालो, "व्याही, रंग जातोय."

"दिसतंय मला."

"तुमच्या बोटाला लागतोय."

त्यांनी अंगठा उजेडात धरला. चकाकत होता. ती भुकटी त्यांनी पँटला पुसली. "चिमट्यानं धरून बघितलं. पंख चिरतो. नुसतीच साखरपाण्याच्या कापसावर सोडून बघितली. आधी आपण होऊन सोंड उलगडायची, आता तेवढी ताकद राहिलेली नाही. मी धरलं नाही तर उपाशी मरेल."

"आणि धरलं तर..."

"धरलं तर निळं जाईल." ते टाचणीकडे बघत म्हणाले, "काय करू?"

आयुष्यात मला कुणी मोठ्या गोष्टीत सल्ला विचारलेला नाही. मी भिंग रुमालानं पुसत राहिलो. शेवटी एवढंच म्हणालो, "अक्कांना ती जिवंत बघायचीय ना."

"हो," ते म्हणाले, आणि त्यांनी पंख धरले.

त्यानंतर रोज थोडं थोडं निळं गेलं. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. अक्कांना त्यांनी सांगितलं नाही, त्या दर दोन दिवसांनी विचारायच्या, "कसं आहे रे तुझं निळं?" आणि ते म्हणायचे, "वाट बघतंय."

अखेर साखर खाली आली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघणार होती. व्याह्यांनी डबा बर्फाच्या पिशवीसकट दवाखान्यात आणला. आत नर्स म्हणाली, "आजोबा, खायचे डबे बाहेर." ते वाद न घालता बाहेर आले आणि माझ्याशेजारी बाकावर बसले. लांब गल्लीसारखी जागा होती, टोकाला मोठी खिडकी, फरशी नुकतीच पुसलेली. एवढंसं चालून त्यांना धाप लागली होती. डबा मांडीवर उघडून ठेवला, म्हणजे अक्का येईपर्यंत ऊब मिळून ती जागी होईल.

ती जागी झाली. पंख उघडले. चार फाटकी, मळकट काचेची पानं. अंगाजवळ एक बारीक निळी रेघ उरली होती, तीही नीट बघितली तरच दिसणारी. व्याही तिच्याकडे बघत राहिले. मी खिडकीकडे बघितलं.

अक्का विहीणबाईंचा हात धरून बाहेर आल्या. आधी भिंत बघितली, मग घड्याळ. "किती पांढरं," म्हणाल्या. मग माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "तुम्ही चष्मेवाले? आवाजावरून उंच वाटला होतात."

"नाही हो," मी म्हणालो.

मग त्या व्याह्यांच्या शेजारी बसल्या. व्याह्यांनी तळहात पुढे केला. फुलपाखरू त्यावर नुसतं बसून होतं, उडायचं त्राण नव्हतं.

"हेच का?"

"हेच."

अक्कांनी वाकून बघितलं. बराच वेळ. "निळं म्हणत होतास."

"होतं," व्याही म्हणाले. इतके दिवस जपून, इतकं करून त्यांच्या हातात हेच उरलं होतं, आणि ते त्यांच्याच हातानं झालं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, की अहो, होतं हो, मी बघितलंय. पण अक्कांचं लक्ष आता फुलपाखरावर नव्हतं. त्या तळहाताकडे बघत होत्या.

"निळं तर तुझ्या नखांवर आहे, धाकट्या."

"त्याचीच भुकटी, अक्का. रोज धरावं लागायचं."

"लहानपणापासून हात धुवायचा आळस." त्यांनी रुमाल काढला, कोपरा जिभेवर ओला केला आणि भावाचं बोट धरून नख पुसलं. पुन्हा पुसलं. दुसरं बोट घेतलं. सत्तरीच्या घरातला तो माणूस शाळकरी पोरासारखा हात पुढे करून बसला होता. अक्का पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्यांचा हात सावकाश थांबला.

"जात नाहीये," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मान वर करून भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

"ओठांनाही लागलंय का?"

विहीणबाई पुढे आल्या, त्यांनी नवऱ्याचा चेहरा हनुवटीला धरून खिडकीकडे वळवला. मीही बघितलं. ओठ निळसर होते, पावसाळी आकाशासारखे. ते कधीपासून तसे होते, देव जाणे. मी त्यांच्यासमोर बसून भिंगातून पंख बघत होतो. विहीणबाई रोज त्यांना जेवायला वाढत होत्या. जिला दिसत नव्हतं, तिला आल्याआल्या दिसलं.

"काही नाही गं, गारठा आहे," व्याही म्हणाले.

"गारठा नाही," अक्का म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "चष्मेवाले, आतून त्या मुलीला बोलवा."

मी धावलो. मी शेवटचा कधी धावलो होतो ते आठवत नाही. नर्स आली, तिनं व्याह्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, त्यावरचा आकडा बघितला, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. मग ती डॉक्टरांकडे गेली, आणि येताना चाकाची खुर्ची घेऊन आली. डबा माझ्या हातात राहिला.

त्यांना त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवलं. फुप्फुसं आतून घट्ट झाली होती, हृदयही थकलं होतं. इतक्या वर्षांची ती पंखांची भुकटी याला कारण असेल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, असू शकेल, नक्की सांगता येत नाही. खूप आधी यायला हवं होतं, असंही म्हणाले. ज्या माणसानं एका किड्याचं आयुष्य दिवसादिवसानं ओढून लांबवलं, त्याचं आयुष्य आमच्यासमोर संपत आलं होतं, आणि आम्ही कोबी कुठे ठेवायचा याची चर्चा करत होतो. हे मला आजही खरं वाटत नाही.

लेक-जावई आले. व्याही काही दिवसांनी पहाटे गेले. सगळं आटपून घरी आल्यावर विहीणबाईंनी दुधासाठी फ्रिज उघडला आणि तिथेच थबकल्या. खालच्या खणात डबा होता. दवाखान्याच्या धावपळीत मीच तो तिथे ठेवला होता, नंतर कुणाला आठवणही राहिली नव्हती. त्यांनी घडी उलगडून टेबलावर ठेवली. आम्ही सगळे उभे होतो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक पाय हलला.

विहीणबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी टाचणी मागितली. सोंड दोनदा निसटली. अक्का शेजारी वाकून एका डोळ्यानं बघत सांगत होत्या, "डावीकडे. आता खाली." ती प्यायली. त्यानंतरही काही दिवस ती होती. त्या दिवसांत एकदाही विहीणबाईंनी भाजीच्या खणाबद्दल तक्रार केली नाही.

व्याह्यांशी माझं शेवटचं बोलणं दवाखान्यात झालं, ते जायच्या आदल्या संध्याकाळी. नाकाला नळी लावली होती, पण चेहरा बरा दिसत होता, म्हणून मला वाटलं, उद्या पुन्हा बोलूच. मी अक्कांचा चष्मा दाखवायला नेला होता. त्यांनी तो हातात घेतला, काचा उजेडाकडे धरून बघितल्या.

"बसतो का तिला नीट?" त्यांनी विचारलं.

"नाकावरून थोडा घसरतो. दांड्या आवळून आणतो उद्या."

"फार आवळू नका," ते म्हणाले. "तिला कानामागे टोचतं."

"बरं," मी म्हणालो. "निघतो मग."

"सावकाश जा. जिन्यात दिवा नाहीये."